अंताल कोवाच : हंगेरीचे एकमेव ऑलिंपिक ज्युदो सुवर्ण

अंताल कोवाच हा हंगेरीचा आजवरचा एकमेव ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता ज्युदोपटू. त्याचा जन्म १९७२ साली पाक्श इथला. डॅन्यूबकाठचे हे गाव अणुवीज प्रकल्पासाठी ओळखले जाते आणि कोवाच त्याच प्रकल्पाच्या नावाच्या क्लबकडून खेळला. आडनावाचा अर्थ 'लोहार', आणि त्याच्या ताकदीला ते शोभतेही!

२८ जुलै १९९२, बार्सिलोना. ९५ किलो गटात अवघ्या विसाव्या वर्षी तो अंतिम फेरीत पोहोचला आणि ब्रिटनच्या रेमंड स्टीव्हन्सला हरवून सुवर्ण जिंकले. त्या ऑलिंपिकमध्ये वजनदार गटांच्या लढती आधी आणि हलक्यांच्या नंतर होत्या. त्यामुळे कोवाचची पाळी सुरुवातीच्या दिवसांतच आली. पुढच्या काही दिवसांत हंगेरीच्याच बेर्टालान हाय्तोश आणि योझेफ चाक यांनी रौप्यपदके मिळवली. हंगेरीच्या ज्युदोला असा आठवडा क्वचितच लाभला असेल.

१९९३ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टन इथे कोवाच विश्वविजेताही झाला. वयाच्या एकविसाव्या वर्षीच दोन्ही मोठे किताब हाती, हे खरोखरच थक्क करणारे आहे.

दशकाच्या अखेरीस गटाची मर्यादा १०० किलो झाली, तरी तो टिकून राहिला. २००१ च्या म्युनिक विश्वस्पर्धेत त्याने रौप्य घेतले. सुवर्ण जपानच्या कोसेई इनोउएचे. बार्सिलोनापासून २००४ च्या अथेन्सपर्यंत त्याने चार ऑलिंपिक खेळली. नंतर पाक्शच्या अणुवीज प्रकल्पातच तो संपर्क विभागाचा प्रमुख झाला.