प्राचीन ग्रीक नाटकात बायका होत्या का? आणि मराठी नाटकात?

अँटिगनी, मेडिया, इलेक्ट्रा. ग्रीक नाटकातल्या या गाजलेल्या नायिका. पण सुमारे २५०० वर्षांपूर्वी अथेन्समध्ये या भूमिका मुखवटे घातलेले पुरुषच करायचे. कोरसमध्येही पुरुषच असत. डायोनायसस देवाच्या ज्या उत्सवात ही नाटकं व्हायची, त्याच्या मिरवणुकीत मात्र पूजेची टोपली घेऊन एक मुलगी चालायची. प्रेक्षकांत बायका बसायच्या का, यावर अभ्यासकांमध्ये आजही वाद आहे.

हे फार दूरचं वाटतंय? मग आपल्याकडे बघा.

मराठी नाटकात काय होतं?

१८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं संगीत नाटकांच्या बड्या कंपन्यांत नायिका म्हणजे साडी नेसलेला पुरुष. बालगंधर्वांची साडी, दागिने आणि केशरचना पाहून घरोघरच्या बायका तशी फॅशन करायच्या. बाईने कसं दिसावं, हे एक पुरुष दाखवत होता!

बायकांना अभिनय येत नव्हता का?

तसं अजिबात नाही. तमाशात आणि बैठकीत बायका गात-नाचत होत्याच. पण त्या ठरावीक जातींतल्या असायच्या, आणि समाज त्यांना 'घरंदाज' मानत नव्हता. प्रश्न कलेचा नव्हता, अब्रूचा होता.

म्हणूनच 'राजा हरिश्चंद्र'साठी (१९१३) दादासाहेब फाळक्यांना नायिका मिळाली नाही. तारामती झाले अण्णा साळुंके, एका उपाहारगृहातले आचारी. पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या.

आणि लिहिणाऱ्या बायका?

अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत नाटककार पुरुषच होते. मराठीत मात्र हिराबाई पेडणेकरांनी 'संगीत दामिनी' लिहिलं आणि केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श'ने ते रंगभूमीवर आणलं. नाटक बाईचं, पण त्यातल्या बायका पुरुषच!

मग बदललं कधी?

एका दिवसात नाही. पण १ जुलै १९३३ ही तारीख लक्षात ठेवा. 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी स्त्री-भूमिका केल्या. भाव्यांच्या नाटकानंतर तब्बल ९० वर्षांनी.

त्यामुळे 'तेव्हा बायका नव्हत्याच' असं कुणी म्हणालं, तर एक प्रश्न जरूर विचारा: नव्हत्या, की मोजल्याच नाहीत?