गुळवेलीचा काढा आणि यकृत

आम्ही भेस्तानची मंडळी बहुतेक खानदेशातून पोटापाण्यासाठी येथे आलो. गावाकडून येणाऱ्या पिशवीत भाकरीपिठाबरोबर गुळवेलीची कांडकीही येतात. तापावर ती घेण्याची आपली चाल जुनीच आहे. परंतु कोरोनाच्या साथीत पुष्कळांनी तिचा काढा महिनोन् महिने, रोजच्या चहासारखा घेतला.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेणारे काविळीचे सहा रुग्ण आढळले. त्यांपैकी एक दगावला. आयुष मंत्रालयाने २०२१ साली हा निष्कर्ष अमान्य केला व वनस्पती दुसरीच असावी, असे म्हटले. पुढे २०२२ साली देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेले नमुने गुळवेलीचेच निघाले.

असे का व्हावे? गुळवेल शरीराची प्रतिकारशक्ती चेतवते. काहींच्या शरीरात ही शक्ती आपपर विसरण्याची प्रवृत्ती सुप्त असते. ती चेतली की घरचा राखणदार घरच्यांवरच धावावा, तशी ती यकृतावर उलटते, असे डॉक्टरांचे अनुमान आहे.

म्हणून ज्यांना यकृताचा विकार, आमवात किंवा थायरॉइडचा त्रास आहे, त्यांनी वैद्य-डॉक्टरांस विचारल्यावाचून काढा घेऊ नये. भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर काढा तत्काळ थांबवून डॉक्टर गाठावा, आणि काय घेत होतो ते न लाजता सांगावे. झाडपाला म्हणून निरुपद्रवी, असे मानून कोणी गाफील राहू नये, एवढीच आमची विनंती.