कासवानं काय खाल्लं?

हिंजवडीतल्या फ्लॅटमध्ये कुणी बॉल पायथन पाळला, तर त्याची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. वन्यजीव कायद्यातली २०२२ची दुरुस्ती आणि २०२४चे नियम तसं सांगतात. पण साप पिंजऱ्यात जन्मला की आफ्रिकेतल्या बिळातून उचलला, हे कागद सांगेल तेच खरं मानायचं का? संपादकांनी हा प्रश्न माझ्याकडे टोलवला.

शंका उगाच नाही. इंडोनेशियातून ‘फार्ममध्ये पैदास केलेले’ म्हणून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांपैकी किमान ८० टक्के जंगलातले असावेत, असं २०११च्या एका अभ्यासात निघालं. त्याच संशोधकांनी फार्मवाल्यांकडून अंड्यांची टरफलं पुरावा म्हणून मागा, असं सुचवलं. मला हा उपाय फार आवडला. टरफलाला खोटी सही करता येत नाही.

दुसरा साक्षीदार म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. खवल्याचा कण कथलाच्या इवल्या डबीत घालून हजारेक अंशांवर जाळतात. निघालेला कार्बन डायऑक्साइड चुंबकीय क्षेत्रातून जाताना जड कार्बन-१३चे रेणू हलक्या कार्बन-१२च्या रेणूंपासून वेगळे वळतात. या दोघांचं प्रमाण आहारावर ठरतं. ज्वारी, मका, ऊस आणि माळावरचं बहुतेक गवत जड बाजूला, प्रमाणित नमुन्यापेक्षा हजारी सुमारे १३नं कमी. मेथी, कोबी, भात हलक्या बाजूला, सुमारे २७नं कमी. हिंजवडीपासून जवळच, पाषाणच्या हवामान संस्थेत याच जातीच्या यंत्रांनी पावसाच्या पाण्यातले समस्थानिक मोजले गेले आहेत. म्हणजे विद्या परकी नाही.

खरी गंमत स्टार कासवाच्या पाठीवर आहे. प्रत्येक ढालीवर केराटिनचे थर साचतात आणि झिजले नाहीत तर टिकतात. मधला ठिपका सगळ्यात जुना. तो अंड्यातच तयार होतो, म्हणजे त्यात आईच्या जेवणाचा हिशेब असतो. माळावर गवत चरलेली आई आणि स्वयंपाकघरातली कोबीची पानं खाल्लेली आई यांची पिल्लं निदान तत्त्वतः तिथंच वेगळी पडतात. बाहेरच्या कडा पिल्लाचं स्वतःचं खाणं सांगतात.

साप मात्र पक्का बेरकी. कात टाकली की जुना हिशेब गेला. पकडलेल्या अजगराला काही महिने फार्मचे उंदीर खाऊ घातले की नवी कात फार्मचीच बोलते. त्यात घोळ आणखी: फार्मचे उंदीर मक्याच्या खाद्यावर वाढतात आणि पश्चिम आफ्रिकेत बॉल पायथन पकडतात ती शेतंही मक्याची असू शकतात. आकडा एकच, अर्थ दोन. तुलनेला त्याच भागातले खात्रीचे जंगली नमुने हवेत, आणि ते जमवणं यंत्र चालवण्यापेक्षा कठीण. डीएनए आई-बाप ओळखतो. पण फार्मवाला आई-बाप दाखवेल तेव्हा ना!

आपल्याकडे स्टार कासव पाळणं मुळात गुन्हाच, मग ते कुठंही जन्मलेलं असो. लक्ष्मी येते म्हणून ते बाळगणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नसतं. जप्त झालेली कासवं सोडायची कुठं, हा वन खात्याचा प्रश्न. गुजरात-राजस्थानातली आणि दक्षिणेतली कासवं वंशानं वेगळी. चुकीच्या माळावर सोडलं तर ती तिथल्या कासवांत मिसळतात, म्हणून जप्त कासवांची रवानगी निदान प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबवायला हवी. तोवर त्यांना कोबी घालणारा कर्मचारी त्यांच्या ढालीवर नवा थर चढवत राहतो.