नवी नोकरी आणि तब्येतीचा हिशेब

"डॉक्टर, पगार दोन हजारांनी वाढतोय, पण रात्रपाळी आहे. जाऊ का?" असे मधुमेहाचे रुग्ण अनेकदा विचारतात. पैशाचा निर्णय तुमचा. मात्र होकार देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पाळी. जागरण व अवेळी जेवण यांमुळे रक्तातील साखर वाढते. उलट इन्सुलिन घेणाऱ्यांचे जेवण लांबले तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, चक्कर येते. यंत्रावर काम करणाऱ्याला हे जिवावर बेतू शकते. औषधांच्या नव्या वेळा आपल्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

दुसरी, विमा. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो. नवी वैयक्तिक पॉलिसी घेतल्यास जुन्या आजाराच्या खर्चासाठी, 2024 च्या नियमांनुसार, तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून राजीनाम्यापूर्वीच जुन्या विमा कंपनीकडे पॉलिसी वैयक्तिक करून मिळेल का, याची चौकशी करा. ई.एस.आय. असल्यास वाढीव पगाराने ती सवलत जाते का, तेही विचारा.

तिसरी, प्रवास. एस.टी.त रोज तीन तास गेले तर ते झोपेतून आणि फिरण्यातून वजा होतात.

झोप, जेवण, औषध या तिन्हींची वेळ सांभाळता येत असेल तर खुशाल जा. नाहीतर वाढलेले दोन हजार औषधांच्या दुकानातच जातील.