स्वतःसाठी एक वही

हरमल हे पेडणे तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. वाळूच्या पलीकडे गोड्या पाण्याचे तळे असलेले हे गाव आज परदेशी पर्यटकांना ‘आरंबोल’ या नावाने ठाऊक आहे. योगवर्ग आणि ध्यानधारणेसाठी तेथे येणाऱ्या पाहुण्यांच्या हाती रोजनिशी असते. ती पाहून आत्मचिंतनाची ही रीत बाहेरून आली असे कोणास वाटल्यास तो समज दूर करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

याच मुलखात पौषातील चांदण्या रात्री स्त्रिया मांडावर जमून धालो खेळत आल्या. कोकणात आणि देशावर पहाटेच्या जात्याने हेच काम केले. माहेरची ओढ, सासरचे कष्ट, भावाची वाट, सारे ओवीत आले. मन मोकळे झाले, परंतु कागदावर उतरले नाही. कारण अक्षरच हाती नव्हते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील पोर्तुगीज राजवट संपली आणि त्यानंतर गावोगावी मराठी शाळा निघाल्या, तेव्हा कुठे साध्या घरांतील मुलींच्या हाती पाटी आली.

ज्यांना अक्षर लाभले, त्यांनी त्याचे चीज केले. संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकातच आपली जीवनकथा अभंगांतून सांगितली. विवाहानंतर अक्षरओळख झालेल्या रमाबाई रानडे यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० साली निघाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. फलटणच्या बेबीताई कांबळे लहानसे दुकान सांभाळत, घरच्यांपासून वह्या लपवून लिहीत राहिल्या. अशी सुमारे वीस वर्षे गेल्यावर १९८६ साली ‘जिणं आमुचं’ ग्रंथरूपाने आले. स्वतःविषयी लिहिणे हीदेखील चोरी ठरावी, याहून खेदाची गोष्ट ती कोणती?

प्रत्येकीने ग्रंथ लिहावा असे आमचे म्हणणे नाही. दूध, वाणसामान आणि फी यांची नोंद आमच्या भगिनी नेमाने ठेवतात. तिच्याच शेजारी मनाचाही हिशेब ठेवावा, इतकेच. निजण्यापूर्वी तारीख घालून चार ओळी पुरेत. आज काय घडले, त्याने मनास काय वाटले, कोठे आपण गप्प राहिलो आणि कोठे धीराने बोललो, एवढे लिहावे. भाषा घरचीच असावी. शुद्धलेखनाची धास्ती नको. वर्षअखेरीस, पाडव्याच्या सुमारास, ती पाने सावकाश वाचावीत. गतवर्षी ज्या गोष्टीने झोप उडाली होती, ती यंदा सहज पेलली असे ध्यानी येते. वाढत्या मुलांची उंची आपण भिंतीवर रेघ ओढून मोजतो. स्वतःची वाढ मोजण्यास मात्र अशी वहीच लागते.

आता दोन शब्द घरातील इतरांसाठी. ही वही तिची आहे. तिने दाखविल्यावाचून ती पतीने, मुलाने वा सासूबाईंनी उघडू नये. वाचले जाण्याचे भय असेल तेथे लेखणी खोटे बोलू लागते, आणि मग लिहूनही मन हलके होत नाही.

परप्रांतात वाढलेल्या आमच्या कित्येक मुलींना देवनागरी वाचणे जड जाते. आईने एखाद्या दिवशी आपल्या खुशीने त्या वहीतील एक पान वाचून दाखविले, तर मराठी शिकण्यास याहून जवळचे निमित्त त्यांना कोणते मिळणार?