पंधरा मिनिटांची बैठक आणि खरे बोलण्याची सवय

कोणतेही नवे उत्पादन बाजारात आणायचे म्हटले की आपल्याकडची रीत ठरलेली असते. आधी आराखडा, मग साहेबांची सही, मग नमुना, मग चाचणी आणि सर्वांत शेवटी ग्राहक. वर्ष-दीड वर्षाने वस्तू त्याच्या हाती पडते आणि तो म्हणतो, ‘मला हे नको होतं.’ तोवर पैसा खर्च झालेला असतो, साचा तयार झालेला असतो आणि मागे फिरण्याची वाट बंद झालेली असते. या दुखण्यावरचा उपाय म्हणून ‘अजाइल’ हा शब्द पुण्याच्या संगणक कंपन्यांतून आपल्या अहिल्यानगरच्या एमआयडीसीपर्यंत येऊन पोहोचला आहे. ही पद्धत काय आहे आणि ती रुजवताना घोडे नेमके कुठे अडते, हे आज पाहू.

अजाइल म्हणजे चपळ. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड या ठिकाणी १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा तयार केला. त्याचा मथितार्थ असा : कागदी घोड्यांपेक्षा चालणारी वस्तू मोलाची, करारातल्या कलमांपेक्षा ग्राहकाशी बोलणे मोलाचे आणि ठरलेल्या आराखड्याला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे मोलाचे. व्यवहारात याचा अर्थ, कामाचे दोन ते चार आठवड्यांचे छोटे टप्पे पाडायचे. टप्प्याच्या सुरुवातीला सर्वांत गरजेचे काम निवडायचे, रोज पंधरा मिनिटे उभ्याउभ्या बैठक घ्यायची, शेवटी जे तयार झाले ते ग्राहकाला दाखवायचे आणि त्याचे ऐकून पुढचा टप्पा आखायचा.

हे सारे संगणकवाल्यांचे, आपण लोखंडाची माणसे, असे काही कारखानदार म्हणतात. पण या विचाराचे एक मूळ कारखान्यातच आहे. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये एक लेख लिहिला. होंडाची मोटार, कॅननचा कॅमेरा, फुजी-झेरॉक्सचे कॉपी यंत्र यांच्या निर्मितीचा त्यांनी अभ्यास केला होता. रिले शर्यतीसारखे काम एका खात्याकडून दुसऱ्याकडे देण्याऐवजी रग्बीच्या संघासारखे सर्वांनी मिळून पुढे जावे, असे त्यांनी मांडले. अजाइलमधील ‘स्क्रम’ हा शब्द याच खेळातला.

मग अडचण कुठे येते? आपल्या जिल्ह्यातल्या एका छोट्या कारखान्यातले काम मी जवळून पाहिले आहे. शेतपंपासाठी मोबाइलवरून चालणारा स्टार्टर बनवायचा होता. रात्रीची वीज आली की शेतकऱ्याला अंधारात, विंचूकाट्यातून विहिरीवर जावे लागते. ते वाचावे, हा हेतू. रोजची बैठक सुरू झाली, भिंतीवर तक्ता लागला, रंगीत चिठ्ठ्या आल्या. पण साहेब वही घेऊन समोर आणि पोरे रांगेत उभी. विचारले की उत्तर ठरलेले, ‘नव्वद टक्के झालंय, सर.’ हे नव्वद टक्के तीन आठवडे नव्वदच राहिले. एक फेज गेला तर सर्किट चुकीचे दाखवत होते. हे तरुण इंजिनिअरला तिसऱ्या दिवशी कळले होते, त्याने ते सांगितले विसाव्या दिवशी. कारण वाईट बातमी सांगणाऱ्यावरच बोलणी पडतात, हा त्याचा अनुभव. बैठक नवी होती, पण ती झाली हजेरी.

दुसरी अडचण अधिकाराची. या पद्धतीत कोणते काम आधी आणि कोणते मागे, हे ठरवणारा एकच माणूस असावा लागतो. त्याला ‘प्रॉडक्ट ओनर’ म्हणतात. इथे त्या नावाचा माणूस नेमला गेला, पण अधिकार मिळाला नाही. विक्री विभागाने डीलरांना शब्द दिलेला, मालकांनी प्रदर्शनात काही नवे पाहिलेले, आणि सगळेच ‘अर्जंट’. शेवटी पाच नमुने शेतकऱ्यांना वापरायला दिले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. आठवड्याचा आलेख दाखवण्याची सोय, जिच्यावर महिना गेला होता, ती कोणी मागितलीच नाही. त्यांचे म्हणणे दोनच गोष्टींचे : कोणता फेज गेला ते सांगा, आणि विहीर आटली तर मोटर आपोआप बंद करा.

तिसरी अडचण वस्तूच्या जातीची. सॉफ्टवेअर रात्रीत बदलता येते, प्लास्टिकच्या पेटीचा साचा बदलता येत नाही. म्हणून जे महाग आणि न बदलणारे आहे ते शेवटी करावे. सुरुवातीचे नमुने बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या पेटीत बसवावेत आणि साच्याची ऑर्डर सर्वांत शेवटी द्यावी. शिवाय सुरक्षिततेत तडजोड नाही. आपल्या नगरमध्येच संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार नव्या वाहनाचा नमुना तपासणीसाठी द्यावा लागतो आणि त्यासाठी नेमलेल्या संस्थांत ती आहे. तिथे ‘ब्रेकचे पुढच्या टप्प्यात पाहू’ असे म्हणून चालत नाही. टप्पा छोटा म्हणजे चाचणी अर्धवट, असा अर्थ कोणी घेऊ नये.

मग आपल्या मातीत हे जमणारच नाही का? नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारकडे पाहा. त्या गावाने अजाइल हा शब्द न वापरता त्यातले मर्म अमलात आणले आहे. गावात पाऊस मोजला जातो. त्या वर्षी किती पाणी हाती आहे याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे पाणी आधी, मग शेती, हा क्रम ठरलेला आहे. पाणी कमी असेल तर पिकांचा बेत बदलतो. उसासारख्या तहानलेल्या पिकाला आणि शेतीसाठी बोअरवेलला गावाने बंदी घातली. इथे टप्पा दोन आठवड्यांचा नाही, वर्षाचा आहे. पण आकडा सर्वांसमोर असतो, प्राधान्यक्रमावर वाद नसतो, आणि पाऊस कमी झाला हे सांगणाऱ्यावर कोणी रागावत नाही. हे एका रात्रीत घडले नाही. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली नव्वदच्या दशकापासून श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांतून विश्वास तयार होत गेला आणि त्या विश्वासावर ताळेबंद उभा राहिला.

स्टार्टरच्या कारखान्यातही बदल झाला तो याच दिशेने. साहेबांनी रोजच्या बैठकीला येणे थांबवले. टप्प्याच्या शेवटी ते येत आणि एकच प्रश्न विचारत, ‘काय अडलंय, मी काय करू?’ महिनाभरात उत्तरे बदलली. सगळे काही सुरळीत झाले असे नाही. डीलरांना दिलेले शब्द आणि वर्षाअखेरीची वैयक्तिक पगारवाढ यांचा संघाच्या कामाशी मेळ अजून बसायचा आहे.

म्हणून ज्यांना ही पद्धत आणायची आहे, त्यांनी तक्ते आणि चिठ्ठ्या खुशाल लावाव्यात. मात्र पहिले सहा महिने एकच गोष्ट मोजावी : कामात काही बिघडले, तर ते समजलेल्या माणसाकडून निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचायला किती दिवस लागतात. ते दिवस कमी होत असतील तर पद्धत रुजते आहे. होत नसतील तर बैठकीची वेळ बदलून उपयोग नाही. बैठकीत वरिष्ठ कसे ऐकतात, ते बदलावे लागेल.