खिलार वासरांची जोपासना

सोलापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांच्या दुष्काळी टापूंत खिलार गाय पाळतात ती दुधासाठीं नव्हे, तर तिच्या पोटीं येणाऱ्या खोंडासाठीं. या गाईचें दूध बेताचेंच. पण तिचा गोऱ्हा चपळ, काटक व उन्हास न डगमगणारा निपजतो. ट्रॅक्टर आल्यापासून नांगराच्या बैलास गिऱ्हाईक कमी झालें खरें. परंतु १८ मे २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरविला, आणि जातिवंत खोंडास पुन्हां चांगली मागणी आली. अशा गाईचें वासरूं दगावलें म्हणजे गाईवर केलेला वर्षाचा खर्च वायां गेला असें समजावें. यास्तव वासरांच्या जोपासनेविषयीं चार अनुभवाच्या गोष्टी येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आरंभीं आमचीच चूक सांगतों. अकरा वर्षांपूर्वीं, आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत असतांना, घरच्या गाईस पहिला खोंड झाला. गाय मध्यरात्रीं व्याली. जार पडेपर्यंत वासरास पाजूं नये, नाहीं तर जार अडकतो, अशी घरांतील वडीलधाऱ्यांची समजूत. तीस आम्हींही मान तुकविली. जार दुसऱ्या दिवशीं दुपारीं पडला. तोंवर वासरूं उपाशीं राहिलें. पांचव्या दिवशीं त्यास हगवण लागली आणि नवव्या दिवशीं तें गेलें.

ही समजूत कशी घातक आहे तें पाहूं. गाईच्या पोटांत असतांना वासरास आईच्या रक्तांतून रोगाशीं झगडण्याची शक्ति मिळत नाहीं. ती चिकांतूनच मिळते. ती शोषून घेण्याचें आंतड्याचें सामर्थ्य तासागणिक उतरत जाऊन चोवीस तासांत जवळजवळ संपतें. म्हणून दुसऱ्या दिवशीं पोटभर पाजलेला चीक पहिल्या दोन तासांतील चिकाची बरोबरी करीत नाहीं. शिवाय वासरूं सडास लागलें म्हणजे गर्भाशय आकुंचन पावतें, व जार पडण्यास उलट साहाय्यच होतें. बारा तासांत जार न पडल्यास पशुवैद्यास बोलवावें. तो हातानें ओढूं नये, त्यास दगड बांधूं नये.

गाय व्याली कीं वासराच्या नाकातोंडांतील चिकटा पुसून काढावा व गाईस तें चाटूं द्यावें. नाळ पोटापासून दोन बोटें सोडून स्वच्छ दोऱ्यानें बांधावी, दोऱ्याच्या खालीं कापावी व टिंक्चर आयोडिनांत बुडवावी. मग कास धुवून अर्ध्या तासांत, निदान दोन तासांच्या आंत, चीक पाजावा. पहिल्या दिवशीं वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक मिळाला पाहिजे. वासरूं २० किलो भरलें तर दोन लिटर, तोही तीनचार वेळां विभागून द्यावा. शेजाऱ्यापाजाऱ्यांस खरवसाची आशा असते. पण पहिला हक्क वासराचा, आणि खरवस उरलेल्या चिकाचा.

पुढें पहिले दोनतीन महिने दुधाच्या लोभानें वासरास मारूं नये. निदान दोन सड त्याच्यासाठीं राखावे. खोंड जातिवंत असेल तर सर्वच दूध सोडणें शहाणपणाचें. दुसऱ्या आठवड्यापासून कोवळें गवत, मूठभर भरडा व स्वच्छ पाणी पुढें ठेवावें. चारा व भरडा खाऊं लागल्यावरच रवंथाचें पोट वाढीस लागतें. दूध तोडावयाचें तें हळूहळू; एकदम तोडल्यास वासरूं खंगतें.

हगवण लागल्यास दूध बंद करूं नये. एक लिटर कोमट पाण्यांत अर्धा चमचा मीठ व सहा चमचे साखर घालून तें पाणी दुधाच्या वेळा सोडून पाजावें, आणि पशुवैद्यास त्वरित दाखवावें. पोट सुटलेलें, केंस राठ झालेलें व माती चाटणारें वासरूं बहुधा जंतांनीं पोखरलेलें असतें. जंतांची एक जात तर आईच्या दुधांतूनच पोटांत जाते. म्हणून पहिलें जंताचें औषध दहाव्या ते पंधराव्या दिवशीं, व पुढें सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पशुवैद्याच्या सल्ल्यानें द्यावें. लाळ्या-खुरकुताची लस चौथ्या महिन्यांत टोंचावी व ती एका महिन्यानें पुन्हां द्यावी. घटसर्प व फऱ्या यांच्या लशी सहा महिन्यांनंतर, दरसाल पावसाळ्यापूर्वीं द्याव्या. २०२२ सालीं लंपी चर्मरोगानें महाराष्ट्रांत काय अनर्थ केला तें वाचकांस स्मरत असेलच. तिची लसही चुकवूं नये.

आम्हीं कचेरींत उभा जन्म वह्या राखण्यांत घालविला. तीच संवय गोठ्यांत उपयोगी पडली. एका वहींत गाईचें नांव, फळल्याची तारीख, वळू, विण्याची तारीख, वासरूं व लस अशीं सहा घरें आंखावीं. गाय फळल्यापासून सुमारें २८० ते २८५ दिवसांनीं विते. म्हणजे १ जानेवारीस फळलेली गाय ८ ते १३ ऑक्टोबरच्या सुमारास विणार. तारीख हातीं असली म्हणजे शेवटले दोन महिने दूध आटवून गाईस ओला चारा व पेंड अधिक देतां येते, आणि त्या रात्रीं घरांत कोणी तरी जागें असतें. व्याल्यावर दोन महिन्यांत माज न दिसल्यास, किंवा फळविलेली गाय दर एकवीस दिवसांनीं उलटत राहिल्यास, तपासणी करवावी. वळू आपल्याच कालवडींवर पडूं नये म्हणून तो दर दोनतीन वर्षांनीं बदलावा. तेंही वहीवांचून ध्यानांत राहत नाहीं.

त्याच गाईस पुढल्या वेतीं कालवड झाली. जार पडण्याची वाट न पाहतां आम्हीं ती कासेस लावली. वडील मंडळी रागावून घरांत निघून गेलीं. तीन तासांनीं जार आपोआप पडला. ती कालवड आज आमच्या दावणीस चार वेतांची गाय आहे, आणि तिचें एकही वासरूं हगवणीनें गेलेलें नाहीं.